नाल, फळी आणि बाजा

बदलापूरचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा घोड्यांपासून सुरुवात करतो. शिवाजी महाराजांचे घोडे इथे बदलले जात, म्हणून हे बदलापूर, ही गोष्ट शाळेत, लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर कुठेही ऐकायला मिळते. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या म्हाताऱ्यांकडून मीही ती ऐकली. पण त्यांच्यातल्या एकाकडे दुसराही एक इतिहास होता आणि तोही नालेचाच होता. फक्त ती नाल घोड्याची नव्हती, बुटाची होती.

तात्या म्हणजे माझ्या आईचे मामा. हेंद्रेपाडा तेव्हा खरोखरचा पाडा होता. चार घरं, भातखाचरं, पलीकडे उल्हास नदी आणि अलीकडे रेल्वेचा रूळ. आज तिथे सात-सात मजली सोसायट्या आहेत, त्यामुळे हे सांगताना समोरच्याच्या तोंडावर ‘काहीतरीच काय’ असा भाव उमटतो. तात्या भजनी मंडळात पेटी वाजवत. पखवाजवाला आला नाही तर पखवाज घेत. लग्नसराईत कल्याणच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, कधी कॉर्नेट, कधी साइड ड्रम. बेंजो त्यांनी कुणाकडे न शिकता हातात घेतला आणि आठवड्याभरात त्यावर सिनेमाची गाणी काढली, असं आजी सांगायची. आजीच्या आठवड्याला मी महिना धरतो.

बँडमध्ये असा माणूस फार उपयोगी असतो आणि त्याला भाव मात्र नसतो. एकच वाद्य धरून बसतो तो मास्तर होतो. पाच वाद्यं वाजवतो तो बदलीवाला होतो. ज्याचं पोर आजारी पडेल, ज्याला जास्त चढेल, त्याच्या जागी उभा राहायचा. तात्यांची अख्खी हयात अशी दुसऱ्याच्या जागी उभं राहण्यात गेली आणि त्याचं त्यांना वाईट वाटलेलं मी तरी पाहिलं नाही. त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. त्यांना टॅप डान्सचं वेड होतं.

हेंद्रेपाड्यात टॅप डान्स कुठून आला? तात्यांचं उत्तर एका शब्दाचं असायचं : कॅम्पातून.

दुसऱ्या महायुद्धात कल्याण आणि अंबरनाथ यांच्यामधल्या माळरानावर लष्कराने मोठा तळ उभारला होता. हजारो सैनिकांना पुढच्या आघाडीवर जाण्याआधी ठेवायची ती जागा. त्यासाठी दोन हजारांवर बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचं नामकरण ‘उल्हासनगर’ झालं. उल्हासनगरला आजही जुनी माणसं ‘कॅम्प’ म्हणतात आणि रिक्षावालेही कॅम्प एक, कॅम्प दोन असेच पत्ते सांगतात.

तात्यांचे वडील त्या तळावर गवत आणि भाजी पोचवत. बैलगाडीबरोबर पोरगंही जाई. एका संध्याकाळी सोल्जरांची करमणूक चालली होती. लाकडी मंच, वर गॅसबत्त्या, बाजूला पाच-सहा जणांचा बाजा. एक माणूस पुढे आला आणि बाजा थांबला. मग नुसत्या बुटांचा आवाज सुरू झाला. तात्या सांगत, “आमाला वाटलं आत कोन ताशा वाजवतोय. मंग दिसलं, ताशा न्हाय, पाय हायेत.” या गोष्टीतला नाचणारा सोल्जर कधी गोरा असे, कधी काळा. गणपतीत सांगताना तो काळा असे आणि पावसात सांगताना गोरा. मी लहानपणी चूक पकडल्याच्या आनंदात त्यांना हे दाखवून दिलं, तर म्हणाले, “मी तोंडाकडं बघितलंच नव्हतं रे.”

ते ताशाचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर होतं. टॅपचा जन्म ढोलावरच्या बंदीशी जोडलेला आहे. १७३९ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना वसाहतीत, स्टोनो नदीच्या काठी, गुलामांनी बंड केलं. ते ढोल वाजवत निघाले होते आणि त्या आवाजाने वाटेतले लोक त्यांना येऊन मिळत होते. बंड चिरडलं गेलं. पुढच्याच वर्षी तिथे जो कायदा झाला, त्यात गुलामांनी ढोल आणि शिंगं बाळगायला मनाई आली. ढोल गेला तसा ताल हातांच्या टाळ्यांत, मांड्यांवरच्या थापांत आणि पायांत उतरला. पुढे शहरांच्या गरीब वस्त्यांमध्ये त्याला आयर्लंडहून आलेल्यांचा जिग आणि लँकेशायरच्या गिरणी कामगारांचा लाकडी तळव्यांचा नाच भेटला. या तिघांच्या मिसळणीतून टॅप झाला. बुटाला धातूची पट्टी ही बरीच नंतरची गोष्ट.

बिल रॉबिन्सन हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. जिन्याच्या पायऱ्यांवर चढता-उतरता तो नाचायचा आणि प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा काढायचा. १९३५ च्या ‘द लिट्ल कर्नल’मध्ये छोट्या शर्ली टेंपलबरोबरचा त्याचा जिन्यावरचा नाच आजही बघायला मिळतो, जरूर बघा. त्याची जन्मतारीख २५ मे. अमेरिकेने १९८९ मध्ये तोच दिवस राष्ट्रीय टॅप नृत्य दिन म्हणून ठरवला.

मला यात जास्त गंमत वाटते ती ढोलवाल्यांची. जॅझमधला थोर ड्रमवादक जो जोन्स आधी टॅप नाचायचा. बडी रिच तर चालायला लागला न लागला तोच रंगमंचावर ड्रम आणि टॅप दोन्ही करत होता. सॅमी डेव्हिस ज्युनिअर गायचा, नाचायचा, ड्रम वाजवायचा, ट्रम्पेट फुंकायचा. टॅप हा नाचापेक्षा वादनाच्या जवळचा आहे, हे या मंडळींना वेगळं सांगावं लागलं नाही. तात्यांना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. पण साइड ड्रमच्या काड्या खाली ठेवून तेच बोल ते पायांनी काढून बघत. घरातल्या बायका म्हणत, तात्या उभे असले की जमीन शांत नसते.

आता त्या बुटांविषयी सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलेत. लष्करी बूट, कॅम्पच्या जुन्या बाजारात घेतलेले, एक नंबर मोठे. आत कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या. मोच्याकडून टाचेला नालेचा अर्धा तुकडा आणि चवड्याला लोखंडी पत्र्याची चंद्रकोर मारून घेतलेली. चवड्याच्या पट्टीचे तीन खिळे घट्ट आणि चौथा मुद्दाम ढिला. ढिल्या खिळ्यामुळे पट्टी किंचित हलते आणि आवाजाला झंकार येतो. खऱ्या टॅपच्या बुटांनाही पट्टीचा स्क्रू सैल-घट्ट करून आवाज लावतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

नाचायला जमीन चालत नसे. शेणाने सारवलेली तर नाहीच, शहाबादी फरशीही नाही. जुन्या घराचं एक कवाड ते पडवीत आडवं टाकत. त्याच्या खाली कडेला दोन विटा, मधे पोकळी. “फळी बघ आधी,” ते म्हणत. “दगडावर नाल मारलीस तर गुडघा जाईल, आवाज न्हाय येनार.” मग चवडा पुढे घासत न्यायचा, तसाच मागे ओढायचा, चवडा टेकवायचा, टाच टेकवायची. चार आवाज, एका पायाचे. दुसऱ्या पायाने तेच. आधी सावकाश, मग दुगुणीत. घोटा सैल हवा. गुडघ्यातून मारलं की आवाज जड येतो आणि माणूस दोन मिनिटांत धापा टाकतो. कवाडाच्या मधोमध आवाज खोल यायचा, बिजागरीकडे कोरडा. तात्या सम मधोमध घेत आणि बाकीचं काठावर. मला त्यांनी हे शिकवलं, पण मला ते आलं नाही. पाय ऐकत नव्हते असं नाही, कानच तेवढा तयार नव्हता.

बँडमधलं त्यांचं खरं शिक्षण झालं ते एका गोवेकर मास्तरांकडे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या गावशाळांमधून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. एकच मास्तर सगळी वाद्यं शिकवी, त्यामुळे पोरगंही दोन-तीन वाद्यं हाताळूनच बाहेर पडे. ही मुलं मग मुंबईत येत, हॉटेलांत, रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, सर्कशीत, बोटींवर वाजवत. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णी अमेरिकन वादकाचा जॅझ बँड आला आणि गोवेकर वादकांच्या त्या पिढीला नवा नाद लागला. त्यांतलाच एक हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँगही म्हणत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसने संगीतकार प्यारेलालला व्हायोलिन शिकवलं आणि त्या शिष्याने १९७७ मध्ये एका गाण्यातून गुरूचं नाव अख्ख्या देशाच्या तोंडी बसवलं. ते गाणं ऐकणाऱ्यांतल्या किती जणांना हा माणूस खरा होता हे माहीत असेल, देव जाणे.

तात्यांच्या मास्तरांचं नाव असं कुणी गाण्यात घातलं नाही. ते स्वरलिपी वाचत आणि तात्या त्यांच्या शेजारी बसून तीच धून सारेगममध्ये, देवनागरीत, शाळेच्या वहीत उतरवून घेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे एक छोटा गोल. माझ्या मते तात्यांची खरी विद्वत्ता त्या गोलांत होती. फुंकून वाजवणाऱ्याला वरातीत चालताना, खड्डे चुकवताना, नाचणाऱ्यांचे धक्के खाताना श्वास कुठे घ्यायचा हे ठरवावं लागतं. ते पुस्तकात कुठून असणार?

मग १९५१ साल आलं आणि ‘अलबेला’ सिनेमा आला.

चिक चॉकलेट तेव्हा सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करत होता. रामचंद्र चितळकर नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, जन्म १९१८ चा. तरुणपणी ‘नागानंद’ चित्रपटात नायक झाले, ते जमलं नाही, मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवायला लागले, संगीतकार झाले आणि ‘चितळकर’ या नावाने गायलेही. म्हणजे तेही एका अर्थी बदलीवालेच, फक्त त्यांचं नशीब थोर. भगवान पालव म्हणजे मास्टर भगवान, गिरणी कामगाराचा मुलगा, दादर-परळच्या गल्ल्यांत वाढलेला. मारधाडीचे स्वस्त सिनेमे काढणारा हा माणूस राज कपूरच्या सल्ल्यावरून सामाजिक चित्रपटाकडे वळला. पुणतांब्याची पेटी, गोव्याचा ट्रम्पेट आणि परळची पावलं एकत्र आली आणि ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ झालं. त्यात बोंगो आहे, क्लॅरिनेट आहे, सॅक्सोफोन आहे. चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो.

तात्यांनी ‘अलबेला’ कल्याणला किती वेळा पाहिला याचा आकडा घरात प्रत्येक जण वेगळा सांगे. पण त्यांचं एक निरीक्षण मी कुठल्याच समीक्षेत वाचलेलं नाही. ते म्हणत, “भगवानदादा टॅप करत न्हाय. पन वजन कुठल्या पायावर हाय ते कदी दाखवत न्हाय.” एवढा गुटगुटीत माणूस, आणि पाऊल बदलताना शरीर हलत नाही, फक्त खांदे आणि हात झुलतात. जो पाय मोकळा आहे तोच पुढे वाजू शकतो, म्हणून वजन लपवणारा नाचणारा केव्हाही, कुठल्याही मात्रेवर पाय टाकू शकतो. टॅपवाल्याच्या डोळ्याला हे दिसलं. बाकीच्यांना भगवानदादांची सोपी पावलं दिसली आणि ती वरातीत, गणपतीत घराघरांत गेली. ज्यांना नाच येत नाही त्यांना नाचायला लावणारा दुसरा नट मराठी मातीने दिलेला नाही. पुढे ‘झमेला’ आला, मग पैसा गेला, जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या आणि २००२ मध्ये भगवानदादा दादरच्या चाळीतल्या खोलीत वारले. ‘शोला’ वाजवल्याशिवाय तेव्हाही वरात निघत नव्हती.

तात्यांचा टॅप पाड्यावर कुणाला परका वाटला नाही, आणि याला कारण आहे. ठाणे-रायगडच्या या पट्ट्यात पायांनी ताल वाजवणं नवं नव्हतंच. गौरी-गणपतीत मधे ढोलकीवाला आणि गाणारा बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. त्या जाखडीत पाय आपटण्याचाच हिशेब असतो. वर डोंगराकडे वारल्यांचा तारपा वाजतो. तिथे वाजवणारा स्वतः फिरत राहतो आणि त्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांची साखळी पावलं बदलते. वाजवणं आणि नाचणं ही दोन वेगळी खाती आहेत, असं तिथे कुणी मानलेलंच नाही. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराच्या भिंतींवरही नाचणारे दगडात कोरलेले आहेत. तात्यांना त्या मूर्तींपेक्षा तिथल्या शिवरात्रीच्या जत्रेतली पिपाणी जास्त प्रिय होती, हेही सांगून टाकतो.

पुढे कधीतरी मी त्यांना कथक नर्तक चित्रेश दास यांच्याबद्दल सांगितलं. कोलकात्याचा हा माणूस कॅलिफोर्नियात शिकवत होता. नाचता-नाचता स्वतःच तबला किंवा पेटी वाजवायची आणि गायचंही, अशी अवघड साधना त्याने बसवली होती. २००४ मध्ये एका अमेरिकन नृत्यमहोत्सवात त्याची गाठ तरुण टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथशी पडली आणि दोघांचा ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ हा कार्यक्रम उभा राहिला. एकीकडे अनवाणी पाय आणि घुंगरं, दुसरीकडे धातूच्या पट्ट्यांचे बूट. तत्काराला टॅपचं उत्तर. तात्यांनी ते मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर बघितलं, डोळे मिटून पुन्हा ऐकलं आणि विचारलं, “बिनबुटाचा कोन?” मी सांगितलं. म्हणाले, “त्याचं कठीन हाय. त्याला लपायला नाल न्हाय.”

बँडचा धंदा हळूहळूच गेला. आधी बेंजो पार्ट्या आल्या. हा बेंजो मुळात जपानी, १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिताने टायपरायटरसारख्या किल्ल्या बसवून केलेला, पण आपल्याकडे असा रुजला की कोकणातली हळद त्याच्याशिवाय लागेना. मग कॅसिओ आला, एका माणसाच्या दहा बोटांत अख्खा बँड. मग डीजे आला, त्यात बोटंही लागेनात. गंमत म्हणजे या यंत्रांची पहिली ओळख मुंबईला करून दिली ती अशाच सगळं वाजवणाऱ्या एका वादकाने. केरसी लॉर्ड, वडील कावस लॉर्ड यांच्यासारखेच तालवाद्यांतले उस्ताद. ड्रम, ग्लॉकनस्पील, व्हायब्राफोन, ॲकॉर्डियन, सगळं वाजवत. ‘आराधना’तल्या त्या गाजलेल्या रात्रीच्या गाण्यातला ॲकॉर्डियन त्यांचाच. १९७३ मध्ये त्यांनी मूग सिंथेसायझर आणला. त्या यंत्राने पुढे वाद्यवृंदांच्या पोटावर पाय आणला हे खरं, पण दोष मी यंत्राला देत नाही. बँडवाल्याला वरातीत माणूस म्हणून न वागवणाऱ्या आपल्याच लोकांना देतो. उन्हात लोकरी कोट घालून चार तास फुंकणाऱ्या माणसाला पंगतीत शेवटी बसवणारे आपणच होतो.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी हेंद्रेपाड्यात शिरली. तात्यांची पेटी पाण्यात गेली. भात्याचा डिंक सुटला, सूरपट्ट्यांवर गंज चढला. क्लॅरिनेटच्या पॅडी फुगून बसल्या. वह्यांमधली शाई पसरून सगळे गोल एकमेकांत मिसळले. बूट माळ्यावर होते, ते वाचले. पण तोवर त्यांचे गुडघे गेलेले होते, दगडावर एकदाही नाल न मारता.

लग्नाच्या बँडवाल्यांवर आणि चित्रपटाच्या वादकांवर दोन मोठी पुस्तकं आहेत, ‘ब्रास बाजा’ (२००५) आणि ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८). दोन्ही लिहिली न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या ग्रेगरी बूथ यांनी. हा माणूस वर्षानुवर्षं येऊन म्हाताऱ्या वादकांच्या घरी बसला, त्यांना विचारलं, ऐकलं, लिहून घेतलं. तात्या त्यांत नाहीत, असण्याचं कारणही नाही. पण बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरातल्या जुन्या बँडवाल्यांत, भजनी मंडळांत, बेंजो पार्ट्यांत अजून काही म्हातारे आहेत. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याच्यासमोर फोन ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. कुठल्या मास्तरांकडे शिकलात, वरातीचे किती मिळायचे, श्वास कुठे घ्यायचात, एवढं विचारा. बाकीचं तो आपणहून सांगेल. आणि हे या उन्हाळ्याच्या सुट्टीतच करा, पावसाळा आला की आमच्याकडे नदीचा भरवसा नसतो.